भाकरीच्या व्हिडिओत आईची काठवट

बायांनो, आज माझ्या नातीनं मला पार गार केलं, तेच सांगायला बसलोय.

पूजा व्हिडिओ करती. मागच्या खेपेला दहा मिनिटं नुसतं माझं तोंडच दावलं, कोण बघणार? आज भाकरी करायचं ठरलं. मी नवं लुगडं नेसलो, स्टीलची परात काढली आणि आईची पीठ मळायची लाकडी काठवट, तडा गेलाय म्हणून, घरामागं परड्यात लपवली.

थापता थापता बोलणं माझ्या माहेरच्या, निपाणीच्या आईवर गेलं आणि मला रडूच आलं. म्हणलं, "पूजे, बिघडीवलं बघ मी. काप ते."

"न्हाय आज्जी, बोलणं ऱ्हाऊ दे. वर दुसरं कायतरी दावतो."

मोबाईल घेऊन पोरगी परड्यात गेली. आता व्हिडिओत आवाज माझा, आणि दिसतंय काय? चुलीतला जाळ, माझी पिठाची बोटं आणि उन्हात ती काठवट, तड्यासकट! लई हुशार गं बाई!

व्हिडिओ टाकला आणि तासाभरात निपाणीच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. म्हणली, "आक्का, आईची काठवट अजून हाय व्हय गं?"

तुमच्या परड्यात काय लपवलंय? काढा की बाहेर, दावा.