बाबलकाकांची चढाई

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सभेत घसा फोडून बोलणारा मी — पण हे आईलाही नाही.

आधी तो पिक्चर. लालबागच्या थेटरात लागलेला, ब्रह्मदेशातल्या लढाईचा. त्यात मराठी शिपाई एकच, आणि तोही विदूषक. गोळीबार सुरू झाला की हा खेचराच्या पोटाखाली लपतो, खेचर ओरडतं, पब्लिक हसतं. मुंबई मागताना आमची माणसं गोळ्या खाऊन पडली, त्याला वर्षही झालं नव्हतं. आणि हा पिक्चरवाला शेट आम्हाला पळपुटे ठरवणार? करमणूक म्हणून? मला त्याचा सूड हवा होता — आजही हवा आहे.

आमच्या चाळीत बाबलकाका राहायचे. मालवणकडचे, गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. महायुद्धात त्याच आघाडीवर त्यांनी खेचरं हाकलेली. मी त्यांना पिक्चर दाखवला. विदूषकावर ते चिडलेच नाहीत. "खेचर वराडला कसा?" एवढंच. दुश्मनाला चाहूल लागू नये म्हणून लष्करानं त्यांच्या खेचरांचा आवाजच कापून टाकला होता. मग हळूच म्हणाले, "झिला, गोळी सुटली तेव्हा मी पण धावलंय — मागे. खेचर थयच बांधलेला रवला. ता लिव."

मी काय लिहिलं? नाक्यावरचा चळवळीचा फळा माझ्याकडे होता. पहिल्या पाळीची माणसं तो वाचूनच गिरणीत शिरायची. मी ठसठशीत लिहिलं — पडद्यावरचं खोटं, खरा इतिहास हा : आमच्या बाबलकाकांनी संगीन रोखून चढाई केली! शेटनं खोटं दाखवलं ते तिकिटं खपावीत म्हणून. मी कशासाठी? महाराष्ट्रासाठी — असं तेव्हा स्वतःला बजावलं.

लोक काकांच्या पाया पडायला लागले. ते माझ्याकडे आले. "पूस ता." मी म्हटलं, "काका, लढ्याचं नुकसान करू नका." दुसऱ्या सकाळी त्यांनीच ओल्या फडक्यानं फळा पुसला. सगळ्यांदेखत. विचारणाऱ्यांना सांगितलं, लिहिणारा खोटं लिहितो.

खोटारडा? मी? — आता ते सांगतो. काकांनी विश्वासानं सांगितलेलं मी दुपारी त्याच फळ्यावर लिहिलं : बाबल लढाईतून पळाला होता, आता पिक्चरवाल्या शेटनं त्याला फोडलंय. पहिलं खरं होतं, काकांनीही ते नाकारलं नाही, म्हणून लोकांना दुसरंही पटलं. दुसऱ्याला पुरावा? काहीच नव्हता. लिहिताना मला ते ठाऊक होतं. शेट माझ्या हाती लागणारा नव्हता. काका समोरच्या खोलीत होते.

गिरणीत त्यांच्या साच्यामागे माणसं खेचरासारखी ओरडायची. "काय बाबल, आज कुणाच्या पोटाखाली?" नळावर काकूंचा हंडा बाजूला सारायच्या — आदल्या आठवड्यात पाया पडलेल्या घरांतल्याच बायका. मी गॅलरीतून बघायचो. वाईट वाटलं का? नाही. बरं वाटलं.

पंधरवड्यात त्यांनी खोली सोडली आणि भाऊच्या धक्क्यावरून गावची बोट धरली.

त्या सकाळी मी फळ्यावर लिहिलं — फितुराची घाण गेली. अक्षर सुबक यावं म्हणून पुसून पुन्हा एकदा लिहिलं.