जागेवरचा दगड

बाई कधी बसल्याचं मला आठवत नाही. चहा उभ्याने, डबा उभ्याने. लग्नात पंगत जाऊन बुफे आला, तेव्हा शिंदे की छावनी या आमच्या अख्ख्या मोहल्ल्यात मनापासून आनंद झाला तो बहुधा त्यांनाच. कॉलेजात त्या आम्हाला भूशास्त्र शिकवायच्या. शहराच्या लश्कर भागात लोक त्यांना ‘पत्थरवाली मॅडम’ म्हणत. वर्गात इतक्या येरझाऱ्या घालत की पुढच्या बाकावरच्यांच्या माना दुखायच्या. “बाई, बसा ना,” म्हटलं की म्हणायच्या, “तू बैस. मला टाइम नाहीये.”

महाराज बाड्याच्या चौकात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षाच. भर गर्दीत एखाद्या जुन्या इमारतीच्या पायरीपाशी थबकायच्या. फरशीवर बारीक वळ्या दिसायच्या. “हात फिरव. पाण्याने केल्यात ह्या. इथे उथळ समुद्र होता, समजली?” मागून रिक्षावाला ओरडायचा, “मॅडम, साइड!” त्यालाही हात फिरवायला लावायच्या. एकाने तर खरंच रिक्षा सोडून फिरवला, आणि मागचे सगळे आमच्या नावाने शंख करत राहिले.

त्यांचा जीव अडकला होता तो शहराबाहेरच्या एका बंद खाणीत. तिथल्या चुनखडकात कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळं होती. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी पापुद्र्यावर पापुद्रा चढवून केलेली; हाड नाही, शिंपला नाही. बाईंचं म्हणणं, सगळे समजतात त्यापेक्षा हे जीव फार जुने. पण म्हणण्याला पुरावा हवा. वर्तुळांना चिकटून खाली, म्हणजे जवळपास त्याच काळातला, ज्वालामुखीच्या राखेचा बोटभर थर होता. त्या राखेतल्या कणांवरून प्रयोगशाळा वय सांगू शकते. निवृत्तीच्या आत ते वय मिळवायचं, एवढाच बाईंचा ध्यास.

त्यांचा एक नियम होता. दगड फोडण्याआधी, तो जागेवर असतानाच, वरची बाजू दाखवणारा बाण आणि नंबर त्याच्यावर काढायचा. “बाण आधी, हातोडा मागाहून. जागेवरून सुटलेला दगड म्हणजे अफवा.”

मी त्यांच्या हाताखाली संशोधन करत होते. मे महिन्यात त्यांनी मला राखेचा नमुना आणायला धाडलं. राखेचा थर खाणीच्या तळाशी, उतार घसरडा, ऊन भाजून काढणारं. सावलीत एक सुटा दगड पडला होता, त्यात तसाच करडा पट्टा. मी तो उचलला आणि घरी बसून त्यावर सुबक बाण काढला. इतका सुबक की बाईंनी वर्गात दाखवला.

प्रयोगशाळेचं उत्तर आलं आणि बाई हबकल्या. वर्तुळांच्याही वरच्या खडकाचं वय आधीच माहीत होतं. ही खालची राख त्याहून कितीतरी तरुण निघाली. खालचा थर वरच्याच्या नंतर कसा येईल? बाईंनी जुन्या वह्या काढल्या, नकाशे पुन्हा आखले, जेवण सोडलं. “मला लागतं, मी तीस साल चुकीचंच बघत आले,” एकदा म्हणाल्या. तरीही मी गप्प होते. याची मला आजही लाज वाटते.

शेवटी राहवलं नाही. सांगितलं. वाटलं, हाकलून देतील. त्यांनी फक्त विचारलं, “पक्का? सुटा होता?” मी मान हलवली. “अग, मग खडक बरोबर आहे!” म्हणाल्या, आणि लगेच चपला शोधू लागल्या. खाणीवर पोचलो तर पावसाचं पाणी थराच्या वरपर्यंत चढलेलं.

बाईंचा शोधनिबंध छापून आला, त्यात लिहिलं होतं : वय अनिश्चित, नमुन्यात लेखिकेची चूक. “चूक माझी होती बाई, माझं नाव घाला,” मी म्हटलं. “पाठवलं कोणी होतं तुला? मी. चल, पाणी उतरलं का बघून येऊ.” पुढचे दोन उन्हाळे आम्ही गेलो. पाणी उतरलं, पण तळाशी भराव येऊन पडला होता; जमेल तेवढा उपसला, थर लागला नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात बाई कंपू भागातल्या दवाखान्यात होत्या. नळ्या लावलेल्या, पण पाय चादरीखाली चाललेलेच. उशाशी त्यांची भाची. मला पाहिल्याबरोबर विचारलं, “मिळाला?” हो म्हणण्याचा मोह झाला. इतकी थकलेली बाई, खूश होऊन गेली असती. मी म्हटलं, “नाही.”

“मग इथे काय करतेस? जल्दी जा.”

गेले. दुपारभर एकटीने उरलेला भराव उपसला. हाताची सालपटं निघाली, आणि चारच्या सुमाराला राखेचा थर दिसला. बोटभर, सलग, भिंतीतच. त्यावर बाण काढला, नंबर घातला, फोटो घेतला आणि बाईंच्या फोनवर पाठवला. दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. अंधार पडायच्या आत भाचीचा फोन आला, बाई गेल्या.

तो फोटो बाईंनी पाहिला, की भाचीने उघडला, मला ठाऊक नाही. भाची महाराज बाड्यावर अधूनमधून भेटते, थांबून बोलते. बाईंनी मला सरळ तिला विचारून यायला सांगितलं असतं. मी अजून विचारलेलं नाही.