शेख दगडूची कसम

नाव: शेख दगडू शेख लाल. वय: चौसष्ट. मूळ गाव कन्नड, हल्ली मुक्काम किराडपुरा. व्यवसाय: एसटीच्या वर्कशॉपमधून सेवानिवृत्त. ओळखीची खूण: उजव्या भुवईवर जुना व्रण. संपूर्ण कुराणपठण: दर रमजानला एकदा, मोठ्यानं. अर्थाचं ज्ञान: दोन वर्षांपूर्वीपर्यंत निरंक. घेतलेल्या कसमा: एक. मोडलेल्या: निरंक. सदर इसम शब्दाचा पक्का असल्याबाबत मोहल्ल्यात दुमत नाही.

कसम अकरा वर्षांपूर्वीची. धाकटी बहीण रमजानबी हिनं दगडूच्या मुलीला सून करून घ्यायला नकार दिला, तोही भर दावतीत. दगडूनं कुराण डोक्यावर धरलं आणि म्हणाला, "अल्लाकसम, आजपासून तुझं तोंड बघणार नाय." मुलीला पुढं चितेगावच्या कारखान्यातला सुपरवायझर मिळाला, ती सुखात आहे. कसम मात्र जागची हलली नाही. दर ईदला बायको शीरखुर्म्याचा डबा घेऊन नणंदेकडं वर जायची आणि हा खाली रिक्षात भिंतीकडं तोंड करून बसायचा. आईच्या मयतीला तो दोन दिवस मान खाली घालून वावरला. लोकांना ते दुःख वाटलं.

त्या मंगळवारी पहाटे भाच्याचा फोन आला. "मामू, अम्मीला नऊला दवाखान्यात न्यायचंय. हृदयाची झडप बदलणारेत. डॉक्टर म्हणाले, ज्याला भेटायचं त्यानं आधीच भेटून घ्या. ती सारखं तुमचंच नाव घेतेय."

दगडूनं फोन ठेवला. फजरच्या नमाजला गेला आणि तिथून रोजच्यासारखा मशिदीवरच्या खोलीत, मोठ्यांच्या वर्गाला.

या वर्गातल्या विद्यार्थ्यांना नातवंडं आहेत आणि उस्ताद हाफिज मुबश्शिर अठ्ठावीस वर्षांचे आहेत. रोज चार आयती, शेवटच्या सूरेपासून, म्हणजे अध्यायापासून, मागं येत. आधी प्रत्येकानं अरबीत वाचायच्या, मग उस्ताद अर्थ उलगडणार. दगडूला अरबी अक्षरं वाचता येतात, उर्दू समजत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला. म्हणून त्याच्यापुढं मराठी तरजुमा, म्हणजे भाषांतर, असतो. नियम दोन. तरजुमा वाचून घरी आपापले फतवे काढायचे नाहीत. आणि त्या दिवसाच्या धड्याबाहेरचा सवाल चिठ्ठीवर लिहून जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, द्यायचा.

साडेसहा वाजले. दगडूची पाळी आली, त्यानं वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच आयतीत थांबला. हे आजवर कधी झालं नव्हतं.

"चचा, तब्येत ठीक आहे ना?"

"सवाल आहे, उस्ताद."

"आजच्या सबकातला?"

"नाय. कसमेबद्दल."

"मग जुम्म्याला. चिठ्ठी लिहा."

"जुम्म्यापर्यंत माणूस राहील का नाय, माहीत नाय."

शेजारी निवृत्त हवालदार सत्तार पठाण बसला होता. त्याला गप्प बसणं जमत नसे. "कसम म्हणजे कसम, दगडूमियाँ. तुमच्यासारखा माणूस डगमगला तर आम्ही कुणाकडं बघायचं?"

अकरा वर्षं याच कौतुकावर दगडू जगला होता. त्यानं सगळं सांगितलं. दावत, रिक्षा, भिंत, पहाटेचा फोन. सांगताना घड्याळाकडं चार वेळा पाहिलं.

उस्ताद म्हणाले, "तुमचा तरजुमा उघडा. सूरा बकरा, दोनशे चोवीस. तुम्हीच वाचा, सगळ्यांना ऐकू जाईल असं."

दगडूनं पानं उलटली. वाचलं त्याचा मतलब एवढाच होता: अल्लाच्या नावानं घेतलेल्या शपथा भलाईच्या आणि लोकांत सुलह, समेट करण्याच्या आड आणू नका. त्यानं परत वाचलं. मग अरबी बाजूकडं पाहिलं. ही ओळ त्याला पाठ होती. कसम घेतल्यापासून अकरा रमजान त्यानं ती खड्या आवाजात, एकही चूक न करता म्हटली होती.

"म्हणजे कसम मोडायला मोकळीक?" सत्तारनं विचारलं. त्याला फसवल्यासारखं झालं होतं.

"मोकळीक नाही, कफ्फारा आहे, प्रायश्चित्त," उस्ताद म्हणाले. "दहा गरिबांना जेवण, घरच्यांना घालतो तसलंच."

"दहा माणसं आता कुठून आणू?" दगडू उठत म्हणाला. "नऊला नेणारेत तिला."

"चचा, आपल्याकडं कफ्फारा कसम मोडल्यावर देतात. आधी जा."

"आणि मोहल्ल्यात काय तोंड दाखवू?"

"ते जुम्म्याला. चिठ्ठीवर."

सत्तारनं हसू दाबलं आणि दगडूच्या चपला पुढं सरकवल्या.

रिक्षात दगडू पहिल्यांदाच सरळ पुढं बघत बसला. शहागंजजवळ भाजीच्या गाड्यांनी रस्ता अडवला. त्यानं रिक्षा सोडली आणि दुखरे गुडघे घेऊन चालत सुटला. काय बोलायचं ते मनात जुळवत होता; तीनदा जुळवलं, तीनदा मोडलं. दोन मजले चढून दारावर थाप दिली तेव्हा साडेसात झाले होते.

दार एका वाळलेल्या म्हातारीनं उघडलं. तोंडात दात नव्हते. दगडूनं थोरल्या बहिणीला करावा तसा अदबीनं सलाम केला आणि विचारलं, "आपा, रमजानबी आहे का घरात?"

ती रमजानबीच होती.