ओला टेबलक्लॉथ

बाबा नौदल सोडून भोपाळला आयुक्त म्हणून आले, अख्खा विभाग सांभाळू लागले, पण सवयी जहाजावरच्याच राहिल्या. समुद्र खवळला की ताटं घसरू नयेत म्हणून जहाजावर टेबलक्लॉथ ओला करतात. बाबा तुलसी नगरच्या सरकारी बंगल्यातही जेवणाआधी तो ओला करायचे.

"इथल्या तलावाला एवढ्या लाटा येत नाहीत हो," आई चिडवायची.

ऑफिसातही त्यांनी चहाच्या ट्रेमध्ये ओलं फडकं घालायला लावलं. नंतर कितीतरी साहेब बदलले, फडकं मात्र अजून आहे.

बाबा गेल्यावर वाटलं, निदान घरी तरी आता कोरड्या टेबलावर जेवू. तर आईच रोज टेबलक्लॉथ ओला करते. मी हसलो.

"हस तू," ती म्हणाली. "घर हलायला लागलंय ते आत्ता."