प्रकाशचा फिट खांदा

"हात वर गेला ना मॅडम? मग फिट लिहा की," गोडाऊनचे मॅनेजर घड्याळाकडे बघत म्हणाले. बाहेर अजून वीसेक कामगार रांगेत होते. वळ गावातल्या या गोडाऊनमध्ये मी फिजिओथेरपिस्ट म्हणून पंधरा दिवसांतून एकदा कामगार तपासायला जायचे.

समोर खारबावचा प्रकाश. दीड महिन्यापूर्वी ड्युटीवर घसरला आणि डावा खांदा निखळला. वज्रेश्वरीकडच्या एका हाडवैद्याने तो ओढून बसवला. दुखणं थांबलं, म्हणजे बरा झाला, अशी सगळ्यांची समजूत. फिट ठरला तर तो महिनाअखेरीस परमनंट होणार होता. त्याने दोन्ही हात झक्क वर केले. अंगात शर्ट, त्यावर कंपनीचं जाड जॅकेट. बाईमाणसासमोर शर्ट काढायला तो लाजला, आणि मीही मोठी शहाणी, म्हटलं राहू दे. सही ठोकून मोकळी झाले.

आठवड्याने तो माझ्या क्लिनिकवर आला.

"मॅडम, बॉक्स वर जातो, पन वर ऱ्हात न्हाय. काल डोक्यातच पडायचा."

"मग त्या दिवशी का नाही बोललास?"

"परमनंट व्हायचं हाय ना. घरी आरशासमोर प्रॅक्टिस केलती."

म्हणजे परीक्षेचा अभ्यास याने केला होता. कच्ची होते ती मी.

आता मात्र शर्ट काढायला लावला. उजवा खांदा छान गोल. डावा चपटा, हाडाचा कोपरा वर आलेला. खांद्याची गोलाई असते ती डेल्टॉइडची. तिकोनी स्नायू, खांद्यावर टोपी घातल्यासारखा. त्याचा पुढचा भाग हात पुढे उचलतो, मधला बाजूला, मागचा मागे. त्याची नस दंडाच्या हाडाला वळसा घालून जाते. खांदा निखळताना ती ताणली जाऊ शकते. मी दंडाच्या बाहेरच्या बाजूला कापूस फिरवला. प्रकाशला कळलंच नाही. म्हणजे नस दुखावलेली होती.

मग हात वर गेला कसा? आतले छोटे स्नायू धडधाकट असले तर रिकामा हात उचलून देतात. थोडं अंग झुकवलं की काम भागतं. वजन आलं की नाटक संपतं, आणि प्रकाशचं काम तर वरच्या रॅकवर बॉक्स चढवायचं.

मॅनेजरना जाऊन सांगितलं.

"आठवड्यापूर्वी तुम्हीच फिट लिहिलंत."

"चुकीचं लिहिलं. आता बरोबर लिहून देते."

"तोंडी सांगा ना. लेखी कशाला?"

म्हणून लेखीच दिलं. माझं आधीचं सर्टिफिकेट रद्द, इजा ड्युटीवरची, नसेची तपासणी हवी, आणि वरच्या रॅकचं काम दिल्यास जबाबदारी मॅनेजरची. बाहेर प्रकाश रडकुंडीला आलेला. "पोटावर पाय दिलात मॅडम," म्हणाला. मला फार वाईट वाटलं, पण कागद मागे घेतला नाही.

'जबाबदारी' हा शब्द वाचून मॅनेजरसाहेबांना अचानक माणुसकीचा पाझर फुटला. प्रकाशला खाली बसून बॉक्सवरचे बारकोड स्कॅन करायचं काम मिळालं. परमनंटही झाला. पाचव्या महिन्यात व्यायाम करताना त्याचा डेल्टॉइड माझ्या बोटांखाली पहिल्यांदा घट्ट झाला. इतका आनंद मला डिग्री मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

माझं गोडाऊनचं काम मात्र त्या कागदानंतर मॅनेजरनी कधीच बंद केलं होतं. नवे डॉक्टर म्हणे तासाभरात अख्खी शिफ्ट फिट करतात. हात वर जाणं आणि खांदा बरा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मला कॉलेजात शिकवलं होतं. सही करताना आठवायला हवं होतं, एवढंच.