दम सोडा म्हटलं तेव्हा…

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगते. मी फुप्फुसांची डॉक्टर, संशोधनही त्यातलंच. कुजक्या तणशीची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, बुरशी श्वासातून आत गेली की काहींची प्रतिकारशक्ती चवताळते आणि स्वतःच्याच फुप्फुसांवर तुटून पडते. कुंपणानेच शेत खावं, तसं.

गेल्या पावसाळ्यात नमुने गोळा करायला भामरागडला गेले आणि अडकले. पूल पाण्याखाली, वीज नाही, मोबाइल म्हणजे नुसती वीट. दवाखान्यात माझ्यासमोर तुळसाबाई — धानाची शेती, हाच आजार, अगदी शेवटचा टप्पा. मुलगी सुनंदा ऑक्सिजनचा सिलिंडर आणायला गेली, ती नदीपलीकडेच अडकली. इथला सिलिंडर संपत आलेला. खिडकीबाहेर चहूकडे गढूळ पाणी… माझाच जीव गुदमरत होता.

स्टेथोस्कोप लावून म्हटलं, "मावशी, दम घ्या… आता सोडा दम."

त्यांनी घेतला. सोडेचनात!

"नाई सोडत, बाई. आमच्या इथी दम सोडला म्हंजे माणूस गेला. पोरगी येतपर्यंत मी नाई सोडत."

"अहो, श्वास बाहेर टाका म्हणतेय!"

"मंग तसं बोला नं."

दोघीही हसलो.

दुपारी सिलिंडर संपला. त्यांच्या छातीत वाळकी तणस चुरडल्यासारखी चरचर होती, ती अचानक थांबली. मला वाटलं, गेल्या. पण नाही… आत श्वास चालू होता. खोल, स्वच्छ, तरुण — त्या फुप्फुसांतून येणं शक्यच नाही असा. छाती तर जेमतेम हलत होती. दुसरा स्टेथोस्कोप लावला. तेच! पळावंसं वाटलं, पण पळणार कुठे?

दुसऱ्या दिवशी पाणी थोडं उतरलं. सुनंदा डोंग्यातून आली, धापा टाकत.

"कालच्या दुपारपासून मलेच दम लागून राह्यला, बाई. काऊन, काही समजत नाई."

तुळसाबाईंनी तिचा हात घट्ट धरला. "सोडू का आता?"

सुनंदाला वाटलं, आई हाताबद्दलच विचारतेय. तिला डोळे पुसायचे होते. "सोड नं, माय."

हात तसाच धरलेला राहिला. दम सुटला.

त्याच क्षणी सुनंदाची धाप थांबली. पुढे तिचा स्कॅन केला, फुप्फुसं ठणठणीत. मग तुळसाबाईंच्या छातीत मी कुणाचा श्वास ऐकला? मला आजही सांगता येत नाही.

परवा सुनंदाने विचारलं, "बाई, माय काय सोडू म्हनत होती?"

मी म्हटलं, हात.