हात फुगला म्हणून

"ऊठ. क्षय हाय तुला. भाईर बस."

अख्ख्या वर्गासमोर म्हणाले मास्तर. मी चौथीत. नळदुर्गजवळचं आमचं गाव. महारवाड्यातली मी एकटीच पोरगी शाळेत. उंबऱ्याभाईर बसून बसून आत्ता कुठं आत जागा मिळाली होती. तीच डोळ्यांत खुपत होती त्यांच्या.

झालं होतं असं. क्षयाच्या तपासणीला सरकारी जीप आली. सगळ्या पोरांच्या हाताला बारीक सुई टोचली. दोन-तीन दिवसांनी तीच माणसं परत आली. ज्याचा हात फुगला न्हाय, त्याला लस दिली. माझा हात टरारून फुगलेला. नर्सबाईनं मोजपट्टी लावून बघितला. म्हणाली, "तुला लस नको. जंतू आत गेलाय, पण गप पडलाय. तू आजारी न्हाईस. खोकला-ताप राहिला तर दवाखान्यात ये."

मास्तर शेजारीच उभे होते. त्यांनी ऐकलं. चांगलं कान देऊन ऐकलं.

पण गावात बोभाटा झाला. लस दिली न्हाय म्हणजे डॉक्टरनंच हात टेकले! बाया मला बघून पदर नाकाला लावायला लागल्या. मी एकदाबी खोकले नव्हते.

आन् पाटलाची कुसुम? तिचाबी हात तसाच फुगलेला. तिलाबी लस न्हाय. तिला म्हणे गांधीलमाशी चावली. वा रे वा! ती पहिल्या रांगेत ऐटीत बसलेली.

मी उठले. दारापतूर गेले. मग डोस्कंच फिरलं. माघारी वळले आन् कुसुमला चिकटून बसले.

"मास्तर, हिचाबी हात फुगलाय. आधी हिला उठवा, मग मी उठते."

कुसुम रडायला लागली. मास्तरांचं तोंड काळंठिक्कर पडलं. पाटलाच्या लेकीला ऊठ म्हणायची छाती न्हाय, मग छडी माझ्यावर. त्याच फुगलेल्या हातावर. मी बोंबलले. लई बोंबलले. पण उठले न्हाय.

घरी आईनं वळ बघितले. तिच्या डोळ्याला धार लागली. "ऱ्हाऊ दे बाई ती शाळा. जीव घेतील तुझा."

"घेऊ देत," म्हटलं. "पण भाईर बसून शिकणार न्हाय. आता कधीच न्हाय."

दुसऱ्या दिवशी मास्तर यायच्या आधी मी जाऊन बसले. आत. पहिल्या रांगेत.